आरसे राहू दे

गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर कासूकडचा एक कामगार माझ्या स्टोअरच्या खिडकीशी थांबला आणि त्याने एक कापडी पिशवी आत सरकवली. "तुमच्या ताईनं दिलीय," एवढं म्हणून तो बस पकडायला पळाला. पिशवीचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं. गाठ न सोडताच मला कळलं आत काय आहे. वालाच्या हिरव्या शेंगांचा वास कापडात कोंडून राहत नाही. ओलसर, किंचित उग्र, दव वाळत आलेल्या शेताचा तो वास स्टोअरमधल्या रबराच्या आणि तेलाच्या वासावर चढला, आणि मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिलो.

दोन हंगाम ही पिशवी आली नव्हती.

आमच्याकडे ह्या दिवसांना वेगळं नाव नाही. दिवाळी उलटते, भात कापून खळ्यावर येतं, खाचरांत नुसती धसकटं उरतात. वरून जमीन भेगाळायला लागलेली असते, पण पायाचा अंगठा जरा दाबला की खाली ओल लागते. त्या ओलीवर वाल पेरतात. मग त्याला कुणी पाणी देत नाही. खालची ओल आणि वरचं दव, एवढ्यावर ते पीक उभं राहतं. पौषात पांढरी-जांभळट फुलं येतात, आणि एके दिवशी सकाळच्या गाडीच्या खिडकीतून बघावं तर रोह्यापासून पेणपर्यंत, जिथे महिन्यापूर्वी काही नव्हतं तिथे हिरवं अंथरलेलं दिसतं. माझ्या आयुष्यातला एक हंगाम त्या हिरव्याला चिकटून बसला आहे. तो सुटत नाही, आणि सुटावा असं मला वाटतही नाही.

आधी भाऊजींबद्दल सांगतो. काशिनाथ भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना रोह्याजवळ धाटावच्या आमच्या केमिकल कंपनीत मीच लावलं. मी शिफ्ट इनचार्ज, ते माझ्याच शिफ्टमध्ये. कंपनीच्या गेटातून आत शिरलं की ते मला 'साहेब' आणि 'तुम्ही' म्हणायचे, आणि सुटल्यावर गेटाबाहेर पाय पडला की, "सुधीर, चल, चहा मारू." मला त्याची गंमत वाटायची. त्यांना मात्र त्यात गमतीचं काही दिसत नव्हतं. काम ते काम, नातं ते नातं.

त्यांच्यासारखा जपून काम करणारा माणूस मी पाहिला नाही. व्हॉल्व्ह उघडण्याआधी तो चारी बाजूंनी चाचपून बघणार. नोंदवहीत पट्टी लावून रेघ मारणार. शेतात भाताचा भारा बांधला तरी गाठ दोनदा ओढून बघणार. ताई म्हणायची, "लग्नात मंगळसूत्राची गाठपण दोनदा ओढून बघितली ह्यांनी. भटजी म्हणाले, अहो, पुरे आता."

"मग सुटली का आजवर?" भाऊजी विचारायचे.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात, कॉस्टिक सोड्याच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडताना जोडातून पिचकारी उडाली आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. मी धावत पोचलो. डोळे धुवायच्या नळाखाली मी त्यांचं डोकं धरलं, दोन बोटांनी पापणी उघडून धरली, आणि किती वेळ ते पाणी सोडत राहिलो ते मला आठवत नाही. ते ओरडले नाहीत. "साहेब, डावा वाचला का बघा," एवढंच म्हणाले. डावा वाचला होता. उजव्यात पुढे फक्त उजेड आणि अंधार उरला.

त्यांनी त्या वेळी गॉगल घातलेला नव्हता. हे खरं आहे. रिपोर्टमध्ये मी तेच लिहिलं: संरक्षक चष्मा न वापरल्याने, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. खाली माझी सही.

जे लिहिलं नाही ते आता लिहितो. स्टँडवरचे जुने गॉगल इतके चरे पडलेले होते की त्यातून धुक्यासारखं दिसायचं. "साहेब, ह्यातून गेजचा काटा वाचता येत नाय," असं भाऊजींनी मला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी म्हणालो होतो, येतील नवीन. नवीन आलेले होते. अख्खा खोका माझ्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात. पुढच्या महिन्यात हेड ऑफिसचं ऑडिट होतं. आत्ता वाटले तर तोवर ह्यांनाही चरे पडतील, म्हणून ऑडिटच्या सकाळी काढू, असं मी ठरवलं होतं.

ह्यात माझा काही दुष्ट हेतू नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. आपल्या घरांत नाही का, नवी चादर पाहुण्यांसाठी असते, कपबश्यांचा चांगला सेट काचेच्या कपाटात असतो, आणि घरातली माणसं कान तुटलेल्या कपातून चहा पितात. माझी आई तशीच होती. चांगलं ते जपून ठेवायचं आणि परक्याने बघावं म्हणून काढायचं, हे मी तिच्याकडून उचललं असेल. पण कपाचा कान तुटला तर बोट भाजतं, एवढंच होतं.

ऑडिटच्या दिवशी सगळ्यांनी नवेकोरे गॉगल घातले होते. आमच्या विभागाचं कौतुक झालं.

दिवाळीत माझी मुलगी स्नेहल पुण्याहून आली ती एक खोका घेऊन. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायची मोटरसायकल. पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी भाऊजींना सांगितलं होतं की, एका डोळ्याने अंतर कळत नाही, ते हाताला नव्याने शिकवावं लागतं. बारीक काम करत राहा. भाऊजी तेव्हा पेल्यात पाणी ओतायचे ते पेल्याच्या शेजारी पडायचं. ताई काही न बोलता फडकं फिरवायची. स्नेहलने ते गणपतीत आली तेव्हा पाहिलं आणि पुढच्या वेळी हा खोका आणला.

मला आधी भीती वाटली. त्यांची स्वतःची मोटरसायकल पडवीच्या बाजूला निळ्या प्लास्टिकखाली उभी होती. जिच्यावर बसून ते इतकी वर्षं धाटावला यायचे, तीच गाडी आता खेळण्यासारखी हातात द्यायची? पण भाऊजींनी खोका उघडला, एकेक भाग डाव्या डोळ्यासमोर धरून पाहिला आणि हसले.

"सायलेन्सर बघ गो," ते ताईला म्हणाले. "नवऱ्यामुलासारखा नटलाय."

सायलेन्सर, इंजिनची झाकणं, चाकांच्या कडा, मडगार्ड, दोन आरसे, हे सगळं एका चौकटीला चिकटलेलं आणि आरशासारखं चकचकीत. त्यावर ऊन पडलं की भाऊजी मान वळवायचे. उरलेल्या डोळ्याला ती तिरीप सोसत नव्हती. शिवाय जोडायला घेतलं तर चकचकीत भागाला गोंद धरेना. भाऊजींनी दोन अर्धी झाकणं एकमेकांवर दाबून धरली, सोडली, ती निसटली. पुन्हा दाबली, पुन्हा निसटली.

"ही चमक काढायला पायजे," ते म्हणाले. "माझ्या गाडीचा सायलेन्सर असा कधी व्हता? तो गंजलेला, जळून निळा पडलेला. मला तसा करायचाय."

अशा खेळण्यावरची चमक म्हणजे क्रोम नसतंच. प्लास्टिकवर आधी वार्निशचा एक हात असतो आणि त्यावर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर. ॲल्युमिनियम कशाने विरघळतं हे धाटावमध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारायला नको. मला खोका उघडताक्षणी माहीत होतं. पण त्याचं नाव त्या पडवीत घ्यायला माझी जीभ उचलेना. मी म्हणालो, धुण्याच्या सोड्यात घालून बघू.

सोड्यात आठवडाभर ठेवलं. कडा जरा मळकटल्या, बाकी चमक तशीच. कपड्यांचं ब्लीच आणलं तर नुसतं बूच उघडल्यावर त्या वासाने भाऊजींच्या डोळ्याला धार लागली. तिसऱ्या रविवारी मी आणखी काहीतरी सांगायला लागलो तेव्हा भाऊजी म्हणाले, "सुधीर, कॉस्टिकनं जाईल ना?"

मी ब्लीचचं बूच घट्ट करत राहिलो.

"जाईल की नाय?"

"जाईल."

"मग आण की. नाव घ्यायला कशाला भितोस? डोळा माझा गेलाय."

ताई आतून म्हणाली, "घरात नको रे बाबा ते."

"अगो, चमचाभर," भाऊजी म्हणाले. "भांडंभर पाण्यात चमचा. आणि आधी पाणी, मग कॉस्टिक. उलटं केलं की उसळतं. मला शिकवू नका कुणी."

रविवार मला अजून वासाने आठवतात. रोह्याहून सकाळची गाडी, कासूला उतरून बांधावरून चालत जायचं. चपला दवाने भिजायच्या. तेव्हा वाल वीतभर आलेला होता. पडवीत ऊन तिरपं यायचं आणि भाऊजी गोणपाटावर मांडी घालून बसलेले असायचे, समोर पाट, पाटावर ताईने टाकून दिलेली लोणच्याची बरणी. मी त्यांच्या उजव्या हाताला खांबाला टेकून बसायचो. तिथून उजेड चांगला मिळतो, असं मी म्हणायचो. तिथून मी त्यांना दिसत नसे, हे मात्र मी म्हणत नव्हतो.

कॉस्टिकचे पांढरे तुकडे मी घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत आणले. पाण्याच्या बाटलीत असलं काही कधी आणायचं नाही, एवढी अक्कल होती. हातमोजे आणले. आणि सवयीने कपाटातून दोन गॉगल उचलले. पडवीत पिशवी उपडी केल्यावर ते गोणपाटावर पडले आणि मी उचलायला हात पुढे केला.

भाऊजींनी एक उचलला. काचेवरून अंगठा फिरवला. वरची पातळ फिल्म अजून तशीच होती. तिचं टोक नखाने उचकटून त्यांनी सोडून दिलं.

"नवा हाय," ते म्हणाले.

"हो."

"कधी आले?"

"आत्ताच," मी म्हणालो. "गेल्या महिन्यात."

"बरं झालं," ते म्हणाले. "पोरांना मिळाले." आणि त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, दोन्ही डोळ्यांवर, पट्टा मागे दोनदा ओढून बघितला. मग मला म्हणाले, "तूपण घाल. घातल्याशिवाय डबी उघडायची नाय."

मी घातला. नव्या गॉगलमधून फार स्वच्छ दिसतं.

पहिल्यांदा सायलेन्सर बुडवला. आधी काहीच झालं नाही. मग कडेला मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे दिसायला लागले, चमक राखट झाली, आणि बघता बघता ढग विरावा तशी नाहीशी झाली. चिमट्याने बाहेर काढून पाण्याखाली धरला तेव्हा हाताशी उरलं ते एक पिवळट, गरीब प्लास्टिक. त्यावर साच्याच्या दोन भागांची उभी रेघ आणि एक खड्डा. इतका वेळ ते चमकीखाली दिसलं नव्हतं. भाऊजींनी नख लावून ती रेघ चाचपली. "आता कळलं कुठं घासायचं ते," असं म्हणून त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा मागितला.

पण पिवळट वार्निश राहिलं होतं आणि त्यालाही गोंद धरत नव्हता. लॉकडाऊनच्या दिवसांत हाताला लावायला आणलेल्या स्पिरिटचा डबा ताईच्या मोरीत अर्धा पडून होता. त्यात भाग रात्रभर भिजवायचे आणि जुन्या टूथब्रशने घासायचे. चमक जायला चहा उकळण्याएवढा वेळ लागला. हे खालचं काढायला एकेका भागाला रविवार-रविवार गेला. "चिवट हाय रे," भाऊजी म्हणायचे. "दिसत नाय आणि जात नाय."

मी घासायचो आणि माझ्या खिशातली कपाटाची किल्ली मांडीला टोचायची. ती मी घरी ठेवून येऊ शकलो असतो. ठेवली नाही.

मार्गशीर्ष गेला, पौष आला. वालाला फुलं आली. पेणला मूर्तींना लागणाऱ्या रंगांची दुकानं आहेत, तिथून मी राखाडी रंग आणि तांबडी काव आणली, आणि गणपतीचे डोळे आखायला वापरतात तसला बारीक ब्रश. भाऊजींनी सायलेन्सरवर गंज रंगवला, जळका निळा पट्टा ओढला. हात आता बराच बसला होता. पेल्यातलं पाणी पेल्यात पडायला लागलं होतं. ताईने एकदा मला दाराआड घेऊन सांगितलं, "तू येतोस म्हणून सावरले रे. नाहीतर त्या रिपोर्टानं खचले होते. डोळ्याचं नाही बोलत. म्हणतात, निष्काळजी लिहिलं मला. आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं, ते कागदावर लिहिलं."

"मी लिहिलं ते, ताई."

"तू काय करणार? नव्हता ना घातला त्यांनी. तू खोटं कसं लिहिशील?" ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात फिरवून आत गेली.

त्या हाताचं ओझं मी रोह्यापर्यंत घेऊन गेलो. त्या दिवशी सांगायला हवं होतं. पुढच्या रविवारी सांगू असं ठरवलं. पुढच्या रविवारी मॉडेलची चाकं बसली, भाऊजी खुशीत होते, तर म्हटलं आज नको. सत्य सांगायला चांगला दिवस शोधणाऱ्या माणसाला तो कधी सापडत नाही, कारण त्याला तो शोधायचाच नसतो. हे मी इतरांबद्दल बोलत नाही, माझ्याबद्दलच बोलतो आहे.

शेवटी चौकटीला फक्त आरसे आणि एक-दोन किरकोळ भाग उरले. आरसे म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे दोन गोल.

"आरसे राहू दे हां," भाऊजी म्हणाले. "आरसा आरशासारखा पायजे. बाकीचं टाक बरणीत." एवढं सांगून ते हात धुवायला मागच्या दारी गेले.

मी ऐकलं होतं. पण माझं मन त्या दिवशी कुठे होतं कोण जाणे. मनात वाक्य जुळवत होतो: भाऊजी, एक सांगायचं होतं. ते जुळवता जुळवता मी चौकट उचलली आणि आहे तशी बरणीत सोडली. लक्षात आलं तोवर बुडबुडे सुरू झाले होते. चिमट्याने काढेपर्यंत दोन्ही आरसे आंधळे झाले होते.

भाऊजी आले, बसले, चाचपून चौकट उचलली, डाव्या डोळ्याजवळ नेली.

"आरसे गेले की रे. कोणी टाकले?"

आणि मी म्हणालो. विचार करून म्हणालो नाही. श्वास घ्यावा तसं तोंडातून आलं. म्हणालो, "मघाशी तुमच्या हातूनच पडले असतील, भाऊजी. दिसलं नसेल."

त्यांनी वाद घातला नाही. चौकट खाली ठेवली आणि म्हणाले, "असंल. मला कुठं कळतंय आता."

हे मला विसरता येत नाही. डोळ्यात कॉस्टिक गेलं तेव्हाही त्यांचा आवाज इतका लहान झाला नव्हता. जो माणूस गाठ दोनदा ओढून बघायचा, तो आता स्वतःच्या हातावर विश्वास ठेवत नव्हता. त्यांना असं करणारा मीच, आधी कागदावर, आता तोंडाने. त्यांच्या उजव्या बाजूला बसून.

"मी टाकले," मी म्हणालो.

"काय?"

"आरसे मी टाकले. तुम्ही सांगितलं होतं, तरी टाकले. आणि गॉगल..." मग ते सगळं बाहेर आलं. जुळवलेली वाक्यं एकही कामाला आली नाहीत. खोका, कपाट, ऑडिट, किल्ली. ते दोनदा मागायला आले होते ते दोन्ही दिवस. मी किल्ली खिशातून काढून गोणपाटावर ठेवली. का ठेवली ते माहीत नाही, त्यांना तिचा काय उपयोग होता.

ताई सुपात शेंगा सोलत उंबऱ्यात बसली होती. तिचे हात थांबले.

भाऊजींनी गॉगल काढला. पट्टा गुंडाळला. त्यावरची उचकटलेली फिल्म सबंध सोलून काढली, तिची गोळी केली आणि बाजूला ठेवली. शेतात कुणीतरी पाखरं हाकलत होतं.

"साहेब," ते म्हणाले.

स्वतःच्या पडवीत, गोणपाटावर बसून, मला साहेब म्हणाले.

"साहेब, हे मला सांगून भागत नाय. लिहून द्या. तो शब्द काढा."

"भाऊजी, मी..."

"डोळ्याचं मी काय मागत नाय. तुम्हीच धुतलात तो, ते मी विसरलो नाय. पण मी निष्काळजी नव्हतो. तेवढं लिहा."

ताई मला सोडायला बांधापर्यंत आली नाही. दर रविवारी ती शेंगांची पिशवी बांधून ठेवायची; त्या दिवशी पिशवी खुंटीवर लोंबत होती, रिकामी. मी चपला घालत असताना ती एवढंच म्हणाली, "दोनदा मागायला आले होते रे ते. दोनदा."

हे सांगून मी मोठा झालो असं कुणी समजू नये. ते पत्र लिहायला मला अकरा दिवस लागले. नोकरी जाईल, स्नेहलचं लग्न व्हायचं आहे, लोक काय म्हणतील, हे सगळे विचार केले. कोरा कागद घेऊन कुंडलिका नदीच्या काठी बसलो आणि कोरा कागद घेऊन परत आलो. बाराव्या दिवशी लिहिलं. आमचे मॅनेजर म्हणाले, "कशाला उकरताय? त्यांनी तक्रारपण केलेली नाही." मी म्हणालो, म्हणूनच. चौकशी झाली, ती बरीच लांबली. नोकरी गेली नाही. इनचार्जपद काढून मला स्टोअरला बसवलं, आणि ते बरोबरच झालं. भाऊजींच्या फाइलमधल्या कागदावरचा तो शब्द कापला गेला. त्या जागी लिहिलं, वापरण्याजोगा चष्मा उपलब्ध करून दिलेला नव्हता. शिक्क्याची प्रत मी स्वतः नेऊन दिली. भाऊजींनी ती ताईकडून दोनदा वाचून घेतली, घडी केली आणि म्हणाले, "ठीक हाय, साहेब."

त्यानंतर तीन भाऊबिजा गेल्या. ताईने ओवाळलं. जेवायला थांब म्हणाली नाही. भाऊजी 'या' म्हणायचे, 'बरंय ना' विचारायचे, सगळं 'तुम्ही'मध्ये. मी पण आग्रह धरला नाही. मी वाट बघतो आहे हेसुद्धा त्यांना दिसू नये असं मला वाटायचं, कारण त्याचंही ओझं त्यांच्यावरच पडलं असतं. गाडीच्या खिडकीतून वाल दिसला की मी पेपर वर धरायचो.

स्टोअरला माझं काम सोपं आहे. गॉगल मागायला कुणी आला की मी खोका फोडतो, काचेवरची फिल्म माझ्या हाताने सोलतो आणि मग देतो. पोरं हसतात. "साहेब, आम्ही काढू की." मी म्हणतो, असू दे.

आणि ह्या गुरुवारी पिशवी आली. घरी येऊन गाठ सोडली तर ती इतकी आवळलेली होती की दात लावावे लागले. गाठ ताईची नव्हती. शेंगांच्या वर एक चिठ्ठी, ताईच्या अक्षरात: रविवारी ये.

आज सकाळी गेलो. दवाने चपला भिजल्या. निळ्या प्लास्टिकखालची मोटरसायकल आता तिथे नव्हती, तिच्या जागी गेल्या वर्षीच्या वालाच्या काटक्या रचलेल्या होत्या. पडवीतल्या फळीवर मात्र छोटी मोटरसायकल उभी होती, पुरी झालेली. गंजलेला सायलेन्सर, निळा जळका पट्टा, सीटला चिकटपट्टीसुद्धा, त्यांच्या गाडीला होती तशी. डाव्या हँडलवर आरसा चमकत होता. मी वाकून पाहिलं. ताईची आरशाची टिकली होती ती. उजव्या हँडलवरचा गोल मात्र तसाच होता, राखाडी, आंधळा.

"दुसरी टिकली नव्हती का?" मी ताईला विचारलं.

"अख्खं पाकीट आहे," ती म्हणाली. "त्यांनाच विचार."

भाऊजी गोणपाटावर शेंगा निवडत बसले होते. मान न उचलता म्हणाले, "उजवीकडचं मला दिसत नाय. तिथं आरसा लावून कोणाला बघू?" आणि स्वतःच हसले. ताईपण हसली. मला हसू आलं की नाही ते मलाच कळलं नाही. मी खाली बसलो, नेहमीच्या सवयीने, खांबाला टेकून.

भाऊजींनी हातातली शेंग सुपात टाकली. मान पुरी वळवून, डावा डोळा माझ्यापर्यंत आणून ते मला शोधत राहिले.

"तिथं नको," ते म्हणाले. "इकडं ये, ह्या बाजूला बस. तिथं तू मला दिसत नाय."

मी उठलो. ताईने मधलं सूप बाजूला सरकवलं.